कर्ज फिटलं? ॲप उडवण्याआधी त्यातली माहिती काढायला लावा

ॲपवरून घेतलेलं कर्ज फिटलं की बहुतेक जण लगेच ॲप अनइन्स्टॉल करतात आणि तिथेच फसतात. ॲप फोनमधून गेलं तरी पॅन, आधारचा फोटो, सेल्फी, बँकेचं स्टेटमेंट आणि ओळखीच्यांचे म्हणून दिलेले नंबर कंपनीच्या सर्व्हरवर तसेच राहतात. शिवाय कर्ज खात्याचा नंबर आणि करार बघायची सोपी वाटही बंद होते. म्हणून ॲप सगळ्यात शेवटी काढा.

आधी ॲपमधून कर्जाचा करार, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) आणि नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) डाउनलोड करून घ्या. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपच्या नावावर जाऊन कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन, एसएमएस या सगळ्या परवानग्या बंद करा. याने पुढची गळती थांबते. आधी गेलेली माहिती परत येत नाही. यूपीआय ॲपमधला ऑटोपे आणि बँकेतलं ई-नॅच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द करा. कर्ज घेताना अकाउंट ॲग्रीगेटरमार्फत (तुमच्या संमतीने बँकेची माहिती कर्ज देणाऱ्याकडे पोहोचवणारी कंपनी) बँकेची माहिती दिली असेल, तर त्या ॲग्रीगेटरच्या ॲपमध्ये जाऊन ती संमतीही मागे घ्या. हे हमखास विसरलं जातं, आणि संमतीची मुदत शिल्लक असेल तर तुमच्या खात्याची माहिती पुन्हा मागवली जाऊ शकते.

आता माहिती डिलीट करण्याचा अर्ज. तो कुणाला करायचा, हे नीट बघा. ॲप अनेकदा नुसतं मध्यस्थ असतं, पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) वेगळीच असते. तिचं नाव करारात आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये असतो. ईमेल त्या अधिकाऱ्याला करा, ॲपवाल्यांना सीसी ठेवा. फोनवर किंवा ॲपच्या चॅटवर सांगितलेलं पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम सप्टेंबर 2022 मध्ये आले आणि 2025 मध्ये नव्याने मांडले गेले. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि ॲपला माहिती डिलीट करायला लावण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावाच लागतो. फोनमधले कॉन्टॅक्ट्स, फोटो-फाइल्स आणि कॉल लॉग यांना तर ॲपने हात लावायचाच नाही. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन हेही फक्त केवायसीपुरतं (ओळख पडताळणीपुरतं), एकदाच आणि तुमच्या संमतीने.

पण ‘माझी सगळी माहिती डिलीट करा’ असं कधीच लिहू नका. केवायसीची कागदपत्रं मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार खातं बंद झाल्यावरही 5 वर्षं ठेवावी लागतात आणि क्रेडिट ब्युरोकडची (सिबिलसारख्या संस्थांकडची) परतफेडीची नोंद किमान 7 वर्षं राहते. ‘सगळी’ म्हटलं की कंपनी याच कायद्याकडे बोट दाखवून अख्खा अर्ज निकालात काढू शकते. त्यापेक्षा असं तोडून लिहा:

‘कर्ज खाते क्र. … दिनांक … रोजी बंद झाले आहे. (1) माझ्या फोनमधून घेतलेले कॉन्टॅक्ट्स, एसएमएस, लोकेशन व फाइल्स, (2) संदर्भ म्हणून दिलेले नंबर, (3) जाहिरात व नव्या कर्जाच्या ऑफरसाठी ठेवलेली माहिती डिलीट करावी. वरील माहितीसाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. माझी माहिती ज्या तिसऱ्या पक्षांना दिली त्यांची नावे कळवावीत व त्यांनाही ती काढायला सांगावे. जी माहिती ठेवणे बंधनकारक आहे ती कोणती, कोणत्या कायद्याने व किती काळ, हे लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे गोलमोल उत्तर देणं अवघड होतं. ईमेल नोंदवलेल्या आयडीवरूनच पाठवा आणि आधारची प्रत जोडू नका. ओळख पटवायला खाते क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल नंबर पुरेसा असतो. ॲपमध्ये ‘डिलीट अकाउंट’ असेल तर तेही वापरा, पण ईमेल गेल्यानंतर.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा. मदतीसाठी 14448 हा क्रमांक आहे. कंपनीकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तक्रार तिथेच फेटाळली जाते, म्हणून पाठवलेल्या ईमेलची पीडीएफ जपून ठेवा.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 12 मध्येही माहिती खोडून घेण्याचा हक्क आहे. मात्र नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनुसार ते कलम 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतं. तोवर भर रिझर्व्ह बँकेच्या नियमांवरच द्या.

हे सगळं नियमात बसणाऱ्या ॲपसाठी. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज ॲप्सची यादी आहे. तुमचं ॲप तिच्यात नसेल आणि करारात कुठल्याच बँकेचं किंवा एनबीएफसीचं नाव नसेल, तर त्यांना अर्ज पाठवून आणखी माहिती देऊ नका. धमक्या आल्या असतील तर त्यांचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट घ्या, परवानग्या बंद करा, ॲप काढा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. घरच्यांना आणि जवळच्यांना त्याच दिवशी सांगून ठेवा, कारण अशी ॲप्स चालवणाऱ्या टोळ्यांचा पुढचा फोन त्यांनाच जातो.