थर्माकोलचा किल्ला पुरे: सामाजिक शास्त्राच्या कृतींत या चुका टाळा

गोव्यातल्या कुठल्याही शालेय प्रदर्शनात आग्वादचा थर्माकोलचा किल्ला हमखास असतो. रंगकाम सुबक, झेंडा जागेवर. शेजारी उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलीला विचारा, किल्ला नेमका इथेच का बांधला? बहुतेक वेळा ती बाईंकडे बघते. मांडवीच्या मुखावर नजर ठेवायची होती आणि जहाजांना गोडं पाणी पुरवायचं होतं, हे त्या प्रतिकृतीत कुठेच येत नाही. पहिली चूक हीच: वस्तू आधी ठरते, प्रश्न नंतर शोधला जातो किंवा शोधलाच जात नाही. शिवाय अशी वस्तू निम्मी आईबाबांच्या हातची असते. म्हणून कृती वर्गातच करून घ्या, घरी देऊ नका.

खाजन शेतीचं, म्हणजे भरतीच्या नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवून केलेल्या भातशेतीचं, उदाहरण घ्या. पसरट ट्रेच्या मधोमध मातीचा बांध घाला, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शेत. बांधात आइस्क्रीमच्या काड्यांची चौकट बसवा आणि जुन्या फाइलच्या प्लास्टिकचं झाकण नदीच्या बाजूने तिच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने टांगा. झाली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीला नदीचं पाणी झाकण चौकटीवर दाबून धरतं, ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं.

इथे तीन गोष्टी हटकून बिघडतात. साधी बागेतली माती विरघळते. शाडू किंवा कुंभाराची माती घट्ट थापून रात्रभर राहू द्या. झाकण कडेने गळतं; ते चौकटीपेक्षा बोटभर मोठं कापा. आणि मुलं झाकण शेताच्या बाजूला टांगतात. या तिसऱ्या बिघाडात शिक्षकांनी लगेच हात घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नदीच्या बाजूला रंगीत पाणी ओता आणि ते शेतात शिरू द्या. ‘खारं पाणी आत आलं, आता भात कसं होणार?’ एवढंच विचारा. झाकण कुठे हवं, ते मुलंच सांगतील. बांध फुटला तर तो कोणी दुरुस्त करायचा, खर्च कोणी द्यायचा, हा पुढचा प्रश्न तिथूनच निघतो आणि गावकरीचा, म्हणजे गावची जमीन आणि बांध सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेचा, धडा आपोआप उघडतो. यासाठी सलग दोन तासिका मागून घ्या, एकीत नुसती माती कालवून होते.

कालरेषेतली चूक जास्त गंभीर आहे. ‘गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य’ हे वाक्य पेडणे, सत्तरी, डिचोलीच्या मुलांकडूनही घोकून घेतलं जातं. हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. एका सेंटिमीटरला एक वर्ष धरून व्हरांड्यात दोऱ्या अंथरा. तिसवाडी तालुक्याची, पोर्तुगीज राज्याची १५१० ते १९६१ ही दोरी साडेचार मीटरहून किंचित लांब भरेल, पेडण्याची दोन मीटरही भरणार नाही. दोन्ही टोकांना मुलांना उभं करा.

वर्गातलं मतदान म्हणजे मॉनिटरची निवडणूक, हाही गैरसमज सोडा. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. त्यातल्या निशाण्या अशा: फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. बाजू मात्र चिठ्ठ्या टाकून वाटून द्या, नाहीतर प्रत्येक जण घरचं मत घेऊन येतो आणि वादाचं भांडण होतं. मुद्दे मांडून झाल्यावर गुप्त मतदान घ्या. खरे आकडे, विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७०, शेवटीच फळ्यावर लिहा. आधी सांगितले तर कोणी विचारच करत नाही.

सहलीचं थोडक्यात: तांबडी सुर्ल्याचं जुनं देऊळ बघायला गेलात तर माहितीफलक उतरवून घेऊ नका. मुलांना आधी आपल्या घराचा चिरा, म्हणजे तांबडा जांभा दगड, आठवायला सांगा, मग देवळाचा काळा दगड दाखवा. हा कुठून आणला असेल, यावर परतीची सगळी बस बोलते.

आजीआजोबांची मुलाखत घ्यायला सांगताना ‘पूर्वी जीवन कसं होतं?’ हा प्रश्न कटाक्षाने टाळा. ‘चांगलं होतं,’ एवढंच उत्तर वहीत येतं. त्यापेक्षा ‘आजी, पावसाळ्यासाठी पुरुमेंताला काय काय भरायचीस, कुठल्या बाजारातून आणि घरी कसं न्यायचीस?’ असं विचारायला सांगा; पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकं मासं, मीठ, मिरच्या, कांद्यांच्या माळा अशी यादी आली की वर्गात गोव्याच्या नकाशावर एकेका वस्तूची वाट आखून घ्या.