लटकलेला दरवाजा: आधी बिजागरी, मग कडी

जुन्या गाडीचा दरवाजा उचलून लावावा लागला की बहुतेक जण दाराच्या चौकटीच्या खांबावरची स्ट्रायकरची कडी, म्हणजे जिच्यात लॉक अडकतं ती, खाली सरकवतात. दरवाजा लागतो, पण लटकलेलाच राहतो आणि काही दिवसांत पुन्हा तीच रड.

खोड बिजागरीत असते. दरवाजा फूटभर उघडून लॉककडची कड वर उचला, दुसऱ्याला बिजागऱ्यांवर नजर ठेवायला सांगा. पिन बुशात, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळीत, हलली तर बुश गेले. बिजागरी बोल्टखाली सरकली तर बोल्ट सैल. खांबाचा पत्राच लपलपला तर आत गंज किंवा तडा. मग पाने ठेवून द्या आणि वेल्डिंगवाला गाठा. दोन बिजागऱ्यांत 40 सेंमी अंतर आणि दरवाजा 1 मीटर धरला, तर वरच्या बिजागरीतला 1 मिमी खेळ लॉकपाशी अडीच मिमी होतो.

कापसाच्या शिवारातून फिरणाऱ्या गाडीच्या पिनेवरचं जुनं ग्रीस बोटांत चोळून पाहा, कचकच लागते. खान्देशातली ही धूळच पितळी बुश खाते. त्यामुळे ग्रीस बेताचंच भरायचं, बाहेर आलेलं पुसून टाकायचं.

बुश बदलताना दरवाजाखाली जॅक, वर फळी आणि जुनी गोधडी. दरवाजा अडवणारी पट्टी आधी सोडवा. एका वेळी एकच बिजागरी. दोन्ही पिना काढल्या तर दरवाजा वायरिंगवर लोंबतो. तयार बुश मिळाला नाही तर पिन मोजून लेथवर करून घ्या. पिन रिव्हेट केलेली असेल तर अख्खी बिजागरीच बदला.

बोल्टने जुळवायचं असेल तर बिजागरीभोवती आधी खूण करा. बोल्ट जेमतेम सैल करा, जॅकने केसभर उचला, आवळा, दरवाजा लावून पाहा. 4 मिमी ड्रिलचा दांडा फटीतून फिरवा. कुठे अडकतो, कुठे ढिला पडतो ते कळतं. काही गाड्यांत बिजागरी खांबाला वेल्ड केलेली असते, तिथे दरवाजाकडचेच बोल्ट हलवता येतात.

कडीला हात आता लावा. दहाची नोट बीडिंगवर, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरी पट्टीवर, धरून दरवाजा लावा आणि ओढा. सहज सुटली तर कडी 1 मिमी आत घ्या. मात्र उन्हाने बीडिंग कडक झालं असेल तर आधी ते बदला, नाहीतर दरवाजा दणकन आपटावा लागेल आणि नव्या बुशांची वाट लागेल.