जुने व्हिक्टोरियन दागिने: पारखताना आणि जपताना या चुका टाळा

जुना ब्रोच हाती आला की तो आधी धुऊन लख्ख करावासा वाटतो. तसं करू नका. तो उलटा करून पाहा. खड्याची मागची बाजू पत्र्याने पूर्ण बंद असेल, तर खाली डाक आहे असंच धरून चाला. डाक म्हणजे खड्याला रंग आणि झळाळी देणारा धातूचा पातळ वर्ख. आपल्या कुंदनकामातही तो असतोच. कोंदणाच्या फटीतून पाणी आत शिरलं की हा वर्ख काळवंडतो आणि खडा वरून कितीही पुसला तरी आत करडा डाग दिसत राहतो. मग कोंदण उघडून वर्ख बदलण्यावाचून उपाय नाही, आणि त्यात मूळ कारागिरीला धक्का लागतो. म्हणून बंद कोंदणाला पाणी, साबण आणि अल्ट्रासॉनिक यंत्र (ध्वनिलहरींनी दागिने धुणारं), तिन्ही वर्ज्य. मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या नक्षीवरून काळ ठरवणं. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१, पण त्या धाटणीचे दागिने विसाव्या शतकातही भरपूर घडले. ब्रिटिश सोन्यावर १५ कॅरटचा शिक्का असेल तर तो १८५४ ते १९३२ मधला. शिक्का नाही म्हणून दागिना खोटा ठरत नाही. त्या काळातल्या अनेक दागिन्यांवर तो नसतोच. ब्रोचची पिन साध्या उघड्या आकड्यात अडकत असेल आणि तिचं टोक आकड्याबाहेर डोकावत असेल, तर ती जुनी पद्धत. फिरणारं कुलूप विसाव्या शतकातलं. मात्र पिन नंतर बदललेलीही असू शकते. तिच्या बुडाशी शिशाने केलेल्या जोडाचा करडा गोळा दिसला, तर दुरुस्ती झालेली आहे.

मोत्यांबाबत सर्वांत जास्त फसगत होते. दातावर घासून मोती खरखरीत लागला, म्हणजे तो काच-प्लास्टिकचा नाही, इतकंच कळतं. नैसर्गिक की कल्चर्ड (माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), हे प्रयोगशाळेतला एक्स-रेच सांगतो. गोल कल्चर्ड मोती बाजारात रुळले ते १९२० च्या दशकात. तेव्हा १८६० चा म्हणून दाखवलेल्या हारात ते निघाले, तर एकतर मोती बदललेत किंवा हारच नवा आहे.

हिरवा किंवा निळा खडा पांढऱ्या कागदावर तोंड खाली करून ठेवा. कडेने लाल कडं उमटलं, तर काचेवर तामड्याची (गार्नेट या लाल खड्याची) चकती चिकटवलेला दुहेरी खडा असण्याची शक्यता मोठी. कडं दिसलं नाही म्हणून खडा अस्सल, असं मात्र समजू नका. कोंदणात बसवलेल्या खड्यावर ही परीक्षा नीट होत नाही. तिथे दहापट भिंगातून कडेजवळचा सांधा शोधावा लागतो.

बारीक मोत्यांचं काम बऱ्याचदा शिंपल्याच्या चकतीवर घोड्याच्या पांढऱ्या केसाने शिवलेलं असतं. केस ठिसूळ होऊन तुटला की मोती गळू लागतात. तिथे झटपट चिकटणारा गोंद लावला, तर छिद्रं बुजतात आणि पुन्हा ओवणं अवघड होऊन बसतं. गळालेले मोती डबीत जपा आणि जाणकार पटवेकऱ्याकडे (दागिने ओवणाऱ्या कारागिराकडे) न्या.

पिरोजा (टर्क्वॉइज हा निळा खडा) हिरवट पडला तर तो घासू नका. अत्तर आणि अंगाचं तेल तो शोषून घेतो, आणि गेलेला रंग सहसा परतत नाही. दागिना घालायचा तो अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे आटोपल्यावर, सगळ्यात शेवटी. काढल्यावर सुती मऊ कापडाने पुसा आणि मोत्यांचा हार सुती पिशवीत आडवा ठेवा. टांगल्याने दोरा ताणतो.