गळाला कासव लागलं तर

नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या डोहात गळाला गांडूळ लावून बसलं की मरळीऐवजी कधी कधी कासवच गळ गिळतं. गळाच्या टोकामागचा उलटा काटा घशात रुतला की काढताना त्याचे फार हाल होतात. गेल्या पावसाळ्यानंतर मी एक सवय लावून घेतली.

१. घरूनच निघताना पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. जुन्या सुती कापडात टोचून ओढा. न अडकता सुटला की झालं.

२. मासा लागल्यावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ढिला सोडू नका. बिनकाट्याचा गळ ढिलाईतच निसटतो. पहिल्या दिवशी माझे दोन मासे गेले, नंतर हात बसला.

३. कासव आलं तर तंगुसाने लोंबकळत उचलू नका, खालून जाळीत घ्या. गळ ओठात असेल तर पकडीने अलगद उलटा फिरवून काढा. घशात असेल तर ओढू नका. वीतभर तंगूस ठेवून कापा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात.

कवच मागच्या बाजूने धरा, मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्याहून बरीच लांब येते आणि चावा खोल बसतो. कासव घरी नेणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.