वाडीचे काम अंगावर घेताना : नेतृत्वगुण स्वतःत कसे रुजवावेत

नेतृत्व अंगी यावे म्हणून पद मिळण्याची वाट पाहू नये. सरपंचपद, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्षपद किंवा बचत गटाचे सचिवपद हाती आल्यावर माणसाच्या ज्या सवयी उघड्या पडतात, त्या बहुधा आधीच घडून गेलेल्या असतात. कोकणातल्या वाडीत तर प्रत्येकाला प्रत्येकाच्या घराण्याची माहिती असते, घरातली निम्मी माणसे मुंबईला असतात, आणि पुढे येणाऱ्याबद्दल लोक प्रामुख्याने दोनच गोष्टी पाहतात : हा बोलल्याप्रमाणे करतो का आणि पैशाचा हिशेब देतो का. स्वतःला घडवायचे तर याच दोन गोष्टींपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना जाण्यास हरकत नाही. परंतु बैठकीचे इतिवृत्त वर्षभर नीट लिहिणारा माणूस त्या शिबिरांपेक्षा अधिक शिकतो.

प्रथम ठरलेल्या दिवशी संपणारे एक लहान काम निवडावे. वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून घातलेला तात्पुरता बांध, हे त्यासाठी फार चांगले काम आहे. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, धार असतानाच तो घालावा लागतो. उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, सुतळी, दाभण, फावडी आणि घमेली एवढ्या साहित्यात काम होते. मात्र श्रमदानाला आलेली माणसे सकाळी व्हाळावर उभी आहेत आणि गोण्या निम्म्याच आहेत असे झाले, तर तासाभरात मंडळी घरची वाट धरतात आणि पुढच्या वेळी हाक दिली तरी येत नाहीत. म्हणून नेतृत्वाचे खरे काम आदल्या आठवड्यात होते. कोणाच्या घराचे बांधकाम चालू आहे आणि तेथे रिकाम्या गोण्या मिळतील का, हे विचारून त्या मोजून आणाव्यात. दोन्ही काठ उंच आणि पात्र अरुंद असेल अशी जागा एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन पाहून यावी, आणि ज्यांच्या जमिनीतून ये-जा होणार असेल त्यांच्या घरी स्वतः जाऊन संमती घ्यावी. गोण्या कोणी भरायच्या, तोंडे कोणी शिवायची, रचायच्या कोणी, हे नावानिशी ठरवावे. वरच्या थरातली गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर बसली पाहिजे. ही गोष्ट ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्यालाच रचण्याचे काम द्यावे, मग तो आपल्या भावकीतला नसला तरीही. योग्य हाताला योग्य काम देणे हा गुण पुस्तकातून कळतो, पण असे एकदा प्रत्यक्ष करूनच अंगी मुरतो.

दुसरी सवय शब्दाची. एक छोटी वही ठेवावी आणि त्यात दिलेला प्रत्येक शब्द लिहावा : कोणाला दिला, कशाबद्दल दिला, कोणत्या तारखेपर्यंत पाळायचा. आठवड्यातून एकदा ती वही वाचावी. पहिल्या महिन्यात बहुतेकांच्या लक्षात येते की आपण भिडेपोटी हो म्हणतो आणि मग टाळत राहतो. त्यावर उपाय एकच आहे : जे जमणार नाही त्याला तिथल्या तिथे, नम्रपणे, नाही म्हणावे, आणि शब्द दिल्यावर अडचण आली तर मुदत संपण्यापूर्वी स्वतःहून जाऊन सांगावे.

बोलण्यापूर्वी ऐकायला शिकावे, आणि हे दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. वाडीच्या बैठकीत मोठ्या आवाजाची तीन-चार माणसे सारा वेळ घेतात, दाराशी बसलेल्या बायका आणि कडेला उभे असलेले तरुण काही न बोलता उठून जातात, आणि मग ठरलेले काम प्रत्यक्षात कोणीच करत नाही. यासाठी स्वतःचे मत शेवटी मांडण्याचा नियम करावा. गप्प असलेल्यांना मोघम विचारू नये. ‘काकी, विहिरीवर तुम्ही रोज जाता, पाणी कोणत्या महिन्यात तळाला जाते?’ असे त्यांच्या अनुभवातले विचारावे. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच समोर आपल्या शब्दांत मांडावे आणि ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे त्याने म्हटल्यावरच उत्तर द्यावे. निम्मे वाद येथेच मिटतात.

आपण लाजाळू आहोत, चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून पुढे येण्याचे टाळणारी गुणी माणसे मी पुष्कळ पाहतो आणि त्याचे मनापासून वाईट वाटते. दापोली तालुक्यातील मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे हे स्वभावाने अत्यंत संकोची होते. मुलकी परीक्षेसाठी ते मुरूडहून डोंगरवाटेने पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. याच माणसाने 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, दारोदार जाऊन त्यासाठी निधी जमवला आणि 1916 साली महिला विद्यापीठ उभे केले. भाषणाचा फड त्यांनी कधी गाजवला नाही. लोकांनी त्यांना पैसे दिले ते त्यांच्या चिकाटीवर आणि चोख हिशेबावर विश्वास ठेवून.

तरीही बोलण्याचा सराव करावाच. ग्रामसभा ही त्यासाठी हक्काची जागा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या सभांपैकी एकीसाठी एकच विषय घ्यावा, तीन मुद्दे कागदावर लिहावेत, मोबाइलवर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा आणि तीन मिनिटांत बसवावा. मालवणी किंवा आगरी बोलीत विचार अधिक नीट मांडता येत असेल तर त्याच बोलीत बोलावे. शेवटी नेमका ठराव सुचवावा, अनुमोदक आधीच पाहून ठेवावा आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही हे स्वतः पाहावे.

हिशेबाविषयी तडजोड करू नये. वर्गणी घेतली की पावती द्यावी, खर्चाचे प्रत्येक बिल जपावे, आणि काम संपल्यावर आठवडाभरात जमाखर्च देवळाच्या फलकावर व मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याने विचारण्यापूर्वीच उत्तर त्याच्या हाती असावे.

रागाबद्दल थोडक्यात : सामाईक जमिनीचा जुना वाद सार्वजनिक कामात डोके वर काढू लागला, तर त्या दिवशी निर्णय घेऊ नये. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरी जाऊन बसावे.

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, ती म्हणजे दुसऱ्याला तयार करणे. बंदरावर पाहावे. नौकेवरचा शब्द तांडेलाचा, म्हणजे नौकेच्या प्रमुखाचा, असतो. पण समुद्र शांत असताना जो तांडेल तरुण खलाशाच्या हाती सुकाणू देतो, त्याच्या नौकेवर उद्याचा तांडेल घडतो. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात जाळी दुरुस्त करतानाही तो आपण का थांबलो, का परतलो, हे पोरांना सांगत असतो. सार्वजनिक कामातही असेच करावे. पुढच्या वर्षीच्या बंधाऱ्याची जबाबदारी गटातल्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला द्यावी, गोण्यांची यादी त्या व्यक्तीकडूनच करून घ्यावी आणि श्रमदानाच्या दोन दिवस आधी ती एकदा पाहावी. उणीव दिसली तर ती चारचौघांत न दाखवता एकांतात सांगावी आणि दुरुस्ती तिलाच करू द्यावी. त्या दिवशी व्हाळावर आपण जावे, घमेले उचलावे, आणि सूचना विचारायला कोणी आपल्याकडे आले तर त्याला तिच्याकडे पाठवावे.