वोलोफमध्ये वाक्य कसं जुळवायचं: आपला "च" हाताशी ठेवा

पश्चिम आफ्रिकेतली वोलोफ भाषा शिकायला घेतली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, "मी" साठी किती शब्द आहेत या भाषेत? ना, ला, मा, दम, मा ङ्गि, सगळे म्हणजे "मी"च, आणि पाठ करायला बसलात तर डोकं दुखेल. म्हणून सांगतो, पाठ करू नका, आपल्या मराठीतला "च" घ्या आणि त्याच्या मदतीने शिका, कारण सेनेगल, गांबिया, मॉरिटानियातले वोलोफ बोलणारे लोक जे काम सर्वनाम बदलून करतात तेच काम आपण "च" लावून करतो.

आधी उच्चाराचं बघून घेऊ. इथे अक्षराखाली हलन्त असेल तर व्यंजन तोडायचं, नसेल तर अ पूर्ण म्हणायचा, संस्कृत श्लोकात म्हणतो तसा. म्हणजे "दम" हे द-म, आपला दम नाही. "न" आणि "ना" यात फक्त लांबीचा फरक आहे पण एक "तो" आहे आणि दुसरा "मी", तेव्हा इथे घाई नको. च हा "चार"मधला, "चोर"मधला नाही. ङ्ग हा "अंगण"मधला. ख घशातून घासून काढायचा.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे खातो, खाते, खाल्ला, खाल्ली, खाल्लं असं क्रियापदच सगळं वाहून नेतं, वोलोफमध्ये "लेक्क्" म्हणजे खाणे, ते तो असो ती असो मी असो, लेक्क्च राहतं (स्त्रीलिंग-पुल्लिंग भानगडच नाही, मराठी माणसाला हे मोठंच सुख). काळ, माणूस, आणि वाक्यात जोर कशावर आहे हे सगळं बाजूच्या छोट्या शब्दात असतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की क्रम कर्ता-क्रियापद-कर्म असा आहे. नाम असेल तर ते बरोबर, "फातु लेक्क् न चेब् बि", फातूने तो भात खाल्ला. मध्ये आलेला "न" सोडून चालत नाही आणि "तो" दाखवणारं "बि" नामाच्या मागे बसतं, भात-तो असं. पण कर्ता सर्वनाम असला की या रूपात तो क्रियापदाच्या मागे जातो: लेक्क् ना, मी खाल्लं. लेक्क् ङ्ग, तू खाल्लंस. लेक्क् न, त्याने किंवा तिने खाल्लं. ही साधी बातमी, कशावरच जोर नाही. "न्दख् लेक्क् ङ्ग?", म्हणजे जेवलास का, तर उत्तर "वाव्, लेक्क् ना".

आता प्रश्न बदला. "लन् ङ्ग लेक्क्?", काय खाल्लंस? इथे "लेक्क् ना चेब्" म्हणालात तर शब्द सगळे बरोबर असूनही उत्तर चुकतं, कारण विचारलंय "काय", आणि तुम्ही सांगताय की खाण्याचं काम झालं. इथे भात पुढे आणायचा: "चेब् ला लेक्क्". भातच खाल्ला मी. तू असेल तर "चेब् ङ्ग लेक्क्", तो असेल तर "चेब् ल लेक्क्", आणि फातु असेल तर "चेब् ल फातु लेक्क्", म्हणजे भात, मग ल, मग फातु, मग खाणे. हीच चौकट नाव सांगताना लागते, "फातु ला तुद्द्", माझं नाव फातु, आणि "कुठून आलास"लाही, "सेनेगाल् ला जोगे". माझ्या मते नवशिक्याने ही चौकट सगळ्यात आधी पक्की करावी, कारण पहिल्या भेटीतले निम्मे प्रश्न काय, कुठे, कुठून असेच असतात.

"कन् मो लेक्क् चेब् बि?", भात कोणी खाल्ला? आता जोर माणसावर, म्हणून "मा लेक्क्", मीच खाल्ला. तू असेल तर या, तो असेल तर मो, आणि नाव घेऊन म्हणायचं तर "फातु मो लेक्क् चेब् बि".

तिसरा जोर क्रियापदावर, आणि इथे आपला "च" थोडा कमी पडतो, मराठीतलाच "ना" किंवा "म्हणून" जास्त जवळचा. कोणी विचारलं का बसलायस असा, तर "दम सोन्न्", अरे दमलोय ना. दम, दङ्ग, दफ, म्हणजे मी, तू, तो. कारण देताना, स्पष्टीकरण देताना हे हवंच, आपली अवस्था सांगतानाही बऱ्याचदा हेच लागतं. "दम खीफ्", मला भूक लागलीय. इथे "मला" आणि "लागणे" शोधत बसू नका, खीफ् म्हणजेच भुकेलं असणे आणि कर्ता सरळ "मी".

यातून पुढचा खड्डा येतो. "लेक्क् ना" म्हणजे खाल्लं, झालेलं काम, पण "खम् ना" म्हणजे मला माहीत होतं असं नव्हे, मला माहीत आहे. अवस्था सांगणारी क्रियापदं या "ना"च्या रूपात वर्तमान होतात. सेनेगलमध्ये चेबु जन् एका मोठ्या भांड्याभोवती बसून खातात (मासे-भाताचा हा पदार्थ 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला), यजमान आग्रह करतात "लेक्कल्!", खा, आणि तुम्ही म्हणता "सूर् ना", पोट भरलंय. भरलं होतं नव्हे, आत्ता भरलेलं आहे. आणि हो, चेबु जन्मधला तो उ म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त क्रम उलटा, आधी भात मग मासे, आपण "माशांचा भात" म्हणतो ना.

चालू असलेलं काम दाखवायला मा ङ्गि, या ङ्गि, मु ङ्गि, आणि कामाच्या आधी एक य् चिकटतो, "मा ङ्गिय् लेक्क्", हा बघ मी जेवतोय. बोट दाखवल्यासारखा भाव आहे यात. म्हणूनच "नङ्ग देफ्?" म्हणजे कसा आहेसचं उत्तर "मा ङ्गि फि रेक्क्" असं येतं, इथेच आहे नुसता, बरं चाललंय. भविष्य सोपं, दिना देम्, मी जाईन, आणि नकार दुम देम्, जाणार नाही. झालेल्या कामाचा नकार मात्र क्रियापदालाच चिकटतो: लेक्कुम, मी नाही खाल्लं, लेक्कुल्, त्याने नाही खाल्लं. गोष्ट सांगताना एकामागून एक कामं असतील तर नुसतं मु देम्, मु लेक्क्, मु तोग्, तो गेला, जेवला, बसला.

"को" म्हणजे त्याला, तिला, ते, हा शब्द जागा बदलतो त्याकडे लक्ष ठेवा. गिस् ना को, मी पाहिलं त्याला, इथे शेवटी. पण जोराचा शब्द पुढे आला की को त्याला चिकटून क्रियापदाआधी: मा को गिस्, मीच पाहिलं त्याला. दम को गिस्. बोलताना हे तीनदा-चारदा मोठ्याने म्हणा, कानाला सवय लागते तेव्हाच बसतं.

सराव कसा करायचा, तर एकच क्रियापद घ्या, देम्, जाणे, आणि स्वतःलाच मराठीत प्रश्न विचारा. गेलास का? देम् ना. कुठे गेलास? मर्से ला देम्, बाजारात. कोण गेलं? मा देम्. उद्या? दिना देम्. उत्तर तोंडात यायच्या आधी स्वतःला विचारा की मराठीत "च" कुठे बसला असता, मग वोलोफचा शब्द निवडा. दहा मिनिटं पुरे, पण रोज, आणि दुसऱ्या दिवशी देम् सोडून गिस् घ्या म्हणजे को पण आपोआप येईल.