टेकडीवर पाणी गार ठेवायचं तर बाटलीला मोजा घाला

एप्रिल-मेमध्ये गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर तासभर चाललं की बाटलीतलं पाणी पिववत नाही. जुना सुती मोजा ओला करून बाटलीवर गच्च चढवा. नायलॉनचा नको, तो पाणी धरत नाही. मोजा नसेल तर दुपट्ट्याचं टोक गुंडाळा. बाटली साधी एकपदरी स्टीलची. थर्मासला याचा काही उपयोग नाही. पिशवीत कोंबू नका, बाहेर सावलीच्या बाजूला लटकवा, वारा लागला पाहिजे. मोजा वाळत आला, साधारण 20 मिनिटांनी, की दोन झाकणं पाणी वरून सोडा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत सुरईसारखं गार होतं, पावसाळ्यात नाही.

माणशी 2 लिटर न्या. निम्मं संपलं की माथा कितीही जवळ दिसो, परत फिरा.